घावनी का?

साक्रीच्या गुरांच्या दवाखान्यात आबा ड्रेसर होते.
म्हशीची नाडी जबड्याखाली,
गाईची शेपटाच्या बुडाशी,
बोकडाची मांडीच्या आतून.
पाचवीत होते तेव्हापासून येतं मला हे.
"आंगठा नको लावू," म्हणायचे,
"आंगठाले सोतानी नाडी ऱ्हास."

आता त्यांचा डावा पाय माझ्या मांडीवर.
धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय, रोज बघत जा.

मनगटात लगेच लागली: अडुसष्ट.
कोपराच्या खळीत आहे. गळ्याशी तर नुसती दिसते.
गुडघ्यामागे बराच वेळ दाबल्यावर,
भिंतीपलीकडे कुणी मिरच्या कांडतंय तशी.
घोट्याशी बोटं थांबली. सरकवली. परत थांबली.
पावलावर साखरेनं काळवंडलेली कातडी,
पांझरेची वाळू पहाटे असते
तेवढी गार.

"घावनी का?"

पंखा बंद केला.
बाहेर भंगारवाला ओरडत होता, तो जाईपर्यंत थांबले.

"घावनी का व?"

मग मी अंगठा लावला.
"हो," म्हटलं. "शहाण्णव."

आबांनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं.
पाय आणखी थोडा पुढे सरकवला, माझ्याकडे,
आणि म्हणाले,
"चांगली शे."