फ्लेक्सची पाठ

मणेराजुरी फाट्यावरच्या दुकानांच्या पाट्या
एकेकाळी माझ्या हातच्या होत्या.
'महालक्ष्मी कृषी भांडार'मधला 'क्ष' बघायला
तासगावचे पेंटर सायकलवरून यायचे.
खोटं कशाला, दोघं तरी आले होते.

मग फ्लेक्स आला.
चाळीस फुटांचा वाढदिवस मशीन एका रात्रीत ओकू लागलं
आणि माझे ब्रश रॉकेलच्या डब्यात
उभ्या उभ्या वाळले.

खोतबाई आल्या तेव्हा मी
कुणाच्या तरी मोटरसायकलवर आठचा आकडा काढत होतो.
"नदाफ, चित्रकलेची जागा सात वर्षं भरली नाही.
वेळापत्रकात तास आहे.
त्या तासाला पोरं गणितं सोडवतात."
म्हटलं, बाई, मला अक्षरं येतात.
चित्र म्हणाल तर एक बैल,
तोही सरकी पेंडीच्या पोत्यावरचा.
"बैल चालेल," म्हणाल्या.

कोल्ड स्टोरेजनं बेदाण्याची खोकी दिली.
पोरं रंगवायच्या आधी
कोपऱ्यात चिकटलेला बेदाणा शोधून खायची.
सांगलीच्या यार्डात हमाली करणारा संस्कारचा बाप
फरशीवरची हळद झाडून घेऊन आला.
"अडत्याला विचारलंय," दोनदा म्हणाला.
वीटभट्टीचा लाल भुगा,
पानपट्टीचा चुना,
खानावळीच्या कढईबुडाची काजळी.

निळा मात्र कुठंच मिळेना.
चौगुल्यांचा आदगोंडा बागेतनं मूठभर मोरचूद घेऊन आला.
"बघा की, कसला निळा!"
खरंच, डोळे निवावेत असा.
पण विषच ते, आणि पोरं बोटं चाटतात.
परत धाडलं.
पंधरवडाभर आमची आभाळं पिवळीच राहिली.
शेवटी इस्त्रीवाल्या शेवंतानं
नीळेची पुडी माझ्या खिशात कोंबली.
तेव्हापासून आमच्या आभाळाला
धुतलेल्या गणवेशाचा वास येतो.

एका शनिवारी इरफान आला, टेम्पो घेऊन.
त्या मशीनचा मालक.
नऊ वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.
जुन्या फ्लेक्सच्या गुंडाळ्या उतरवल्या,
काही बोलला नाही. मीही नाही.
एक टोक त्यानं धरलं, एक मी,
पालथं घातलं.
साहेबांचं तोंड मातीत गेलं
आणि वर आली पाठ,
पांढरी, पटांगणाएवढी.

त्यावर डिंक धरेना. वाळला की पोपडे.
सुतारमामांनी फेविकॉलचा अर्धा डबा दिला,
"झाकण लावत जा रे," असं ओरडून.

जिजा होनमाने शाळेत जेमतेम महिनाभर होती.
माळावर कळप बसला होता, तेवढ्यापुरती.
तिनं पाय काढले. फक्त पाय.
फ्लेक्सच्या या टोकापासून निघालेले,
काळे, बारके, शेकड्यानं,
आणि वर सगळी विटेची धूळ.
म्हटलं, मेंढ्या कुठायत गं?
"मी मागनं चालते," म्हणाली.
"धूळ असती. पायच दिसत्यात."

मी चाळीस वर्षं रंगवतोय.
बैल पोत्यावरनं पोत्यावर उतरवला.
खऱ्या बैलाच्या मागनं चालत
कधी बघितलं नव्हतं त्याच्याकडं.

कळप उठला तेव्हा पाय
फ्लेक्सच्या कडेला पोचले होते.
पोरांनी तारेनं दुसरा फ्लेक्स जोडला, कोरा,
आणि दोन्ही डेअरीच्या भिंतीवर चढवले.
बाजारच्या दिवशी वाऱ्यानं कोपरा उलटला,
साहेबांचा एक डोळा आणि अर्धी मिशी दिसली.
भाजीवाल्या बाया हसल्या.
मग कुणीतरी वीट बांधली तिथं.

खाली नाव घाला म्हणून बाईंनी सांगितलं.
अक्षर तर माझंच काम.
ब्रश भिजवला, भिंतीपाशी बसलो,
उठलो.
तिचं ती घालील, कळप परतला की.

काल इरफानचा टेम्पो कऱ्हाडच्या बाजूला जाणार होता.
वाटेत कळप दिसला तर दे म्हणून
पाटी दिलीय त्याच्यापाशी.
वर मोठा 'ज' काढलाय, गिरवायला.
जमून आलाय तसा.