गिलक्याचं माप

चोपड्यात वैशाख असा बसतो
की इस्त्रीत कोळसा घालावा लागत नाही.
अकराला गल्ली बंद,
कुत्री गटारीत, माणसं कूलरपुढे,
आणि मी मशीनवर.
दीडशे निळ्या पँटी. शाळा पंधरा जूनला.

अशात कोकिळाबाईनं भिंतीवरून किल्ली दिली.
अकरा वर्षं त्या भिंतीवरून
फक्त तिच्या शेवग्याची फुलं येत होती,
आणि इकडून माझी तक्रार जात होती.
एकदा मी फांदीच उतरवली,
वाऱ्यात शेंगा माझ्या पत्र्यावर वाजतात म्हणून.
त्यानंतर तिनं ब्लाउज दुसरीकडे शिवले.

सुरतेला लेकीचं ऑपरेशन. महिना तरी लागेल.
कॅलेंडरच्या एप्रिलमागे लिहून दिलेलं:
वांगी दिवसाआड. मिरची रोज, पण तांब्याभर.
पपईला भांड्याचं पाणी चालतं.
मोगरा सांजच्याला.
गुलाबाला हात लावू नका.
आणि रिक्षात बसता बसता, माझ्याकडे न बघता,
"पानी कमी लागस भाऊ, ध्यान जास्ती."

माझं ध्यान काज-बटणापुरतं.
पहिल्याच दिवशी भर दोनला नळी सोडली,
नळीतलं पाणी चहाला ठेवल्यासारखं,
मिरचीनं जागेवर मान टाकली.
गिऱ्हाईक समोर असताना
कापड आखूड कापलं गेलं की होतं,
तसं झालं मला.

मग सावली शिवली.
खाली पडलेल्या चिंध्या होत्याच:
नगरपालिकेच्या शाळेची निळी, मुलींच्या शाळेची चौकडी,
अस्तराचे तुकडे,
आणि एका ब्लाउजपीसचा जरीचा काठ,
ज्याची मालकीण सहा वर्षांत परत आली नाही.
चारी बाजूंनी नेफा घातला, त्यात नाडी ओवली,
सूर्य कलला की परकरासारखी ओढून
सावली एका कडेला गोळा.
वांग्यांवर जरीचं ऊन पडलं.
सातभाई येऊन कितीतरी वेळ
त्यावरच भांडत बसले.

नळ चौथ्या दिवशी, पहाटे तीनला, पाऊण तास.
टाकी, दोन बादल्या, कढई, माझा आंघोळीचा डबा,
सगळं भरून मी अंधारात उभा.
त्या वेळी मातीचा जो वास येतो
तो कुणाला सांगावा, असं घरात कोणी नाही.
गुलाबाला हात लावला नाही.
एकदा वास घेतला,
तो हात लावण्यात धरत नसावेत.

गिलक्याचा वेल मात्र कागदावर नव्हता.
तो आपला आपण भिंत चढून माझ्या बाजूला उतरला
आणि मशीनच्या खिडकीशी एक गिलकं सोडलं.
गळ्यात टेप होतीच.
वहीत, हवालदाराच्या पोराच्या कमरेखाली लिहिलं:
गिलकं, उंची साडेपाच.
दुसऱ्या दिवशी सात. मग साडेआठ.
तोडायचं कधी, ते कुठे लिहिलेलं नव्हतं,
आणि विचारायला अकरा वर्षांत
मी तिचा नंबरच घेतला नव्हता.

फोन तिनंच केला, दुकानाच्या पाटीवरचा नंबर बघून ठेवला असेल.
"मिरच्या?" आहेत.
"मोगरा?" रोज ओंजळभर. विठाबाईच्या नातीला देतो.
"आणि गिलकं लागनं का एखादं?"
सव्वाबारा, म्हटलं.
"सव्वाबारा काय?"
इंच.
पलीकडून आवाज आला,
आधी वाटलं खोकला. हसत होती.
"आते निबर व्हई गयं ते. ऱ्हाऊ द्या, बीले."

लेकीचं कसं विचारावं, सुचेना.
टाके किती पडले, एवढंच विचारलं.
"नऊ. सुकले आते."
नऊ म्हणजे बारीक काम, म्हटलं. चांगला हात असेल.
"हा," ती म्हणाली, आणि जरा थांबून,
"शेंगा तोडी लेज्या. वाया जातीन."

संध्याकाळी टोपली घेऊन शेवग्याखाली गेलो.
मी कापलं होतं तिथे, त्याच खोडक्याला,
चार कोवळे फुटवे,
चारही माझ्या पत्र्याकडे कललेले.
टेप गळ्यातच राहू दिली.
मोगऱ्याला पाणी घातलं, नाडी ओढली,
आत येऊन दिवा लावला.
अजून सत्तेचाळीस पँटी.