पडौकचा रंग

अंदमानचं लाकूड शहाद्यात कसं पोचलं, विचारू नका.
मुंबईतलं एक बंद पडलेलं फर्निचर-गोदाम,
केळी उतरवून परत येणारा ट्रक,
रिकाम्या क्रेटांखाली दोन फळ्या.
आधारने पहिला रंधा मारला
आणि नंदुरबारच्या मिरचीपथारीवर उभं असल्यासारखे
आम्ही दोघं शिंकत सुटलो.
भुसाही तसाच, तिखटाच्या रंगाचा.

गिऱ्हाईक दिलवर पावरा, धडगावच्या वरच्या अंगाचा.
लग्नांत पिकअपच्या टपावर उभा राहून वाजवतो,
मागे जनरेटर, पुढे धुळीत नाचणारं अख्खं गाव.
आधीची गिटार कंपनीची, काळी, चकचकीत.
दोन हंगामांत तिची मान वाकली.
"वहिनी, लाल पाहिजे," म्हणाला,
"पण रंगवलेली नको. आतून लाल."
आणि मधोमध मेपलची पांढरी पट्टी.
ती त्याची हौस. तिचे पैसे वेगळे दिले त्याने.

बोटांखालच्या तक्त्याला आधारने अंजन घातला,
सातपुड्यातला, कुणाच्या मोडक्या वखराचा.
करवतीचे तीन दात गेले.
"हा पाण्यात बुडतो," आधार म्हणाला.
"म्हणजे?"
"म्हणजे वाकत नाही."

पिकअपची गुंडाळी शेजारी, हिलालच्या मोटार रिवाइंडिंगमध्ये.
विहिरींच्या जळक्या मोटारी रांगेत,
त्यांचे मालक बाकावर,
आणि हिलाल डोळ्याला भिंग लावून
केसाहून बारीक तार मोजतोय:
सात हजार आठशे वेढे.
सहा हजारावर लाइट गेली. आली ती झटक्यात.
तार तुटली. हिलाल जे बोलला ते इथे लिहीत नाही.
"किती हॉर्सपावरनी शे?" बाकावरून एकाने विचारलं.
"आवाजनी मोटर शे, आबा," हिलाल म्हणाला
आणि एकपासून मोजायला लागला.

माझं काम शेवटचं.
लाख, स्पिरिट, सासऱ्यांच्या धोतराची चिंधी,
आत कापसाचा बोळा, वर तेलाचा एक थेंब.
वैशाखात उन्हं वर आली की लाख जागीच सुकते,
चिंधी चिकटते, वळ उठतात.
म्हणून साडेतीनला उठायचं, नळ यायच्या आधी,
आणि आठाच्या आकड्यात हात फिरवत राहायचा.

पहिल्याच हाताला
चिंधी पडौकवरून मेपलवर गेली
आणि लाल तिच्या मागोमाग गेला.
पांढऱ्या पट्टीवर ओलं बोट पुसल्यासारखा.
मी आधारला उठवलं नाही.
बल्बखाली बसून राहिले, हातात चिंधी,
स्पिरिटचा वास डोक्यात चढेपर्यंत.

तीन पहाटा ब्लेडने खरवडत होते.
मग आधी मेपल एकटा बंद केला,
काडीएवढ्या कुंचल्याने, कडेकडेने, श्वास धरून.
तो सुकल्यावर पडौक.
शिंगाच्या आतल्या वळणात ब्लेड पोचेना.
तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा लाल राहिला.

दिलवर आला. गिटार उलटीपालटी केली,
हिलालच्या प्लगवर लावली
आणि पहिल्या झंकाराला
टेबलावरचे सगळे नट-बोल्ट थरथरले.
मी त्याचा अंगठा बघत होते.
अंगठा त्या वळणात गेला, थांबला,
आणि तिथेच टेकून राहिला,
जणू ती जागा त्याच्यासाठीच ठेवली होती.
तो काही म्हणाला नाही. मीही नाही.

पैसे मोजून झाल्यावर मात्र सांगून टाकलं:
"हा लाल टिकत नाही, भाऊ.
उन्हात राहून तपकिरी होईल, पाच-सहा वर्षांत."
(आधी सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.)
तो आपल्या हाताकडे बघून हसला.
"होऊ द्या. मी पण झालोच ना."

गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन गेला.

आज नळावर निंबाबाईने माझा हात धरला,
नखं उलटसुलट बघितली.
"मेंदी? कोणाचं लग्न?"
"धडगावकडचं," मी म्हटलं
आणि हंडा पुढे सरकवला.