एक सांधता

आधी फक्त एक किरकिर होती.
डाव्या पुढच्या चाकात, वळणावर,
तीही थंडीतच.
मी पियानो लावणारी बाई, कानावर जगते.
मला ती कोमल गांधाराच्या जरा खाली ऐकू यायची
आणि त्या 'जरा'चाच त्रास व्हायचा.

मेस्रोप म्हणाला, बेअरिंग.
ग्युम्रीत बेअरिंगवरून कोणी वाद घालत नाही.
अठरा हजार द्राम, दोन दिवस,
आणि त्याच्या गॅरेजातल्या शेगडीपाशी
चमचाभर गाळ उरेल एवढी कॉफी.

किरकिर गेली.
आता ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढ घ्यायची,
गोठ्याची वाट दिसलेल्या गाईसारखी.
ब्रेक नीट झाला, तर हीटर गेला.
"हीटरचा न् ब्रेकचा काय संबंध?"
मेस्रोपने हात पुसले.
उत्तर द्यायच्या आधी तो नेहमी हात पुसतो,
आणि फडकं हातांहून काळं असतं.
"संबंध काही नाही," तो म्हणाला,
"पण गाडी एकच आहे ना."

उणे बावीसमध्ये अशोत्स्कच्या शाळेत गेले,
काचेवरचा माझाच श्वास
वाचनालयाच्या कार्डाने आतून खरवडत.
पोचले तेव्हा बोटं अशी आखडलेली
की मुलांच्या बाईंनी ती
बटाट्याच्या पातेल्यावर धरायला लावली.

हीटर झाला. रेडिएटर गळू लागला.
रेडिएटर झाला,
आणि डावीकडे वळलं की हॉर्न वाजू लागला.
आमची गल्ली डावीकडे आहे.
कोपऱ्यावरचा हांबार्त्सुम, कुंपणाच्या दोन विती जमिनीवरून
पाच वर्षं माझ्याशी न बोललेला,
पहिल्या दिवशी दचकला,
दुसऱ्या दिवशी त्याने मान हलवली,
आठवड्याने टोपी काढली.
मग मेस्रोपने हॉर्न दुरुस्त केला.
मी गुपचूप वळले.
हांबार्त्सुम फाटकाशी उभा होता,
अर्धवट उचललेला हात त्याने खिशात घातला.

एक सांधावं तर तेरा तुटतात म्हणतात.
मी वहीत लिहून ठेवत होते, नवावर आले होते.
ती वही घेऊनच त्याच्याकडे गेले,
रस्ताभर वाक्यं घोटत:
तू मेकॅनिक आहेस की
माझ्या पगाराला लागलेली वाळवी?
त्याने वही शेवटपर्यंत वाचली.
पाचव्या ओळीतली माझी बेरीज चुकली होती,
ती पेन्सिलीने नीट केली.
(बेरीज वाढली.)
मग म्हणाला, घरी एक पियानो आहे,
बायकोच्या आत्याचा, तीस वर्षं झाकलेला.
बघशील?

बघितला.
सगळा सूर अर्ध्या पट्टीने बसलेला.
हळूहळू चढवत नेला, सकाळपासून दुपारपर्यंत.
एक तार ताणली की भार लाकडावर जातो,
लाकूड केसाएवढं वाकतं,
आणि तासापूर्वी नेमकी लावलेली शेजारीण
खाली घसरते.
तिला उचलावं तर पलीकडची.
वरच्या टोकाला पोचले
तोवर खालचा खर्ज
पुन्हा आपल्या जुन्या जागी जाऊन बसला होता,
आणि मी त्याच्याकडे वळले तेवढ्यात
मधली एक तार तुटली.

खोलीत तो आवाज बराच वेळ राहिला.
मेस्रोपची बायको हायकानुश दारात आली.
तिने पियानोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
ती नजर मी ओळखली,
तीन महिने माझ्याच चेहऱ्यावर होती.
"सकाळी तर वाजत होती," ती म्हणाली.
मी हात पुसत होते.
मेस्रोप खिडकीबाहेर
काहीच नसलेल्या अंगणाकडे
फार लक्ष देऊन बघत होता.

"पुन्हा यावं लागेल," मी म्हणाले.
"किती वेळा?"
"बघू."
पैसे मी पूर्ण घेतले.

परत येताना तिसऱ्या गिअरला
एक बारीक शीळ ऐकू आली, नवी.
वही काढली नाही.
कोपऱ्यावर हांबार्त्सुम बर्फ लोटत होता.
या वेळी मी मुद्दाम, तळहाताने, हॉर्न दाबला.

वायपर हलले.
कोरड्या काचेवर, कुरकुरत, एकदा, दोनदा.

त्याने फावडं टेकवलं
आणि हात हलवला,
बहुधा वायपरला.