लंगडी

गावात कुणालाही विचारा, दीपगृहाची किल्ली कुणाकडे?
तर म्हणतात, लंगडीकडे.
बेकरीवाला म्हणाला, जाळी शिवणारी म्हणाली,
पेट्रोल भरणाऱ्या पोराने तर हवेत वळण काढून दाखवलं:
चर्चच्या मागे, निळं दार, लंगडी.

मी मनात एक काठी, एक घसटता पाय धरून गेले.
दार उघडलं एकाहत्तर वर्षांच्या दोरिंदाने,
रबरी बूट, कानामागे पेन्सिल,
आणि गॉर्सच्या पिवळ्या काट्यांमधून
चढ अशी चढली
की माझ्याच छातीचा भाता झाला.

पुंता सेराडा.
इथे जमीन संपते, पण मुकाट्याने नाही.
आणखी तीन-चार खडक फेकते पुढे,
जसं भांडून निघालेलं माणूस
उंबऱ्याबाहेरूनही दोन शब्द टाकतं.

खाली दोघी बायका, कमरेला दोर,
लाटेच्या दोन तडाख्यांमधल्या फटीत
खडकावरचे पेर्सेबेस खरवडत होत्या.
म्हणजे एक खरवडत होती.
दुसरी नुसती समुद्राकडे बघत उभी, मधूनच ओरडायची.
"ओरडणारी महत्त्वाची," दोरिंदा म्हणाली,
"खरवडता कुणालाही येतं."

एकशे बारा पायऱ्या. भिंतीला मिठाचे पोपडे.
वर ते भिंग, माणसाहून उंच,
पाऱ्याच्या वाटोळ्या हौदात तरंगणारं.
"लावा बोट."
मी लावलं. दोन टन काच सरकली,
आतला उलटा समुद्र हळूच फिरला.

आता दिवा विजेवर, आपला आपण लागतो.
तेव्हा साखळीला वजन, वजनाला अख्खी रात्र टांगलेली.
"झोत सगळ्याच दिव्यांचा सारखा," ती म्हणाली,
"खलाशी ओळखतात मधल्या अंधारावरून.
सात मोजले तर पलीकडचं टोक,
बारा मोजले तर भलतंच.
नऊ म्हणजे आम्ही."

मग कानामागची पेन्सिल काढून,
हिशेबातली चूक दाखवावी तशी सांगत गेली.
फेब्रुवारी. साखळी तुटलेली.
एलादिओ, तिचा बाप, हाताने भिंग ढकलतोय,
दुसऱ्या हातात घड्याळ, तोंडात आकडे.
खाली स्वयंपाकघरात हेर्मीतास, तिची आई,
आणि सुईण पूर आलेल्या ओढ्यापलीकडे.
नऊ. नऊ. नऊ.
जिन्यातून एक किंकाळी वर आली
आणि अकरा.
नऊ. दहा.
तेरा.

बाहेर तीन होड्या होत्या.
सुकाणूवर शाकीन म्हातारा. त्याने मोजलं, पुन्हा मोजलं,
आणि म्हणाला (गावात हे अजून त्याच्याच घोगऱ्या आवाजात सांगतात):
"टोक आपलंच आहे.
दिवा लंगडतोय.
एलादिओच्या घरात काहीतरी चाललंय.
नाक वाऱ्याला लावा,
उजाडेतो कुणी आत शिरायचं नाही."

पहाटे नऊ परत आले. इतके चोख
की पोरांनी टोप्या काढल्या,
कुणी जन्मलं की गेलं, ठाऊक नसताना.
बंदराला लागून सगळे तसेच ओलेचिंब वर चढले,
एक ऑक्टोपस आणि अर्धी बाटली घेऊन.
शाकीन पाळण्यात वाकला:
"हीच का ती लंगडी?"

तळमजल्यावर काचेखाली ती नोंदवही आहे.
एलादिओचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर:
'रात्री ३.१० ते ४.२५ दिवा अनियमित. कारण:'
पुढे काही नाही. कोरी जागा,
अर्धी ओळ.
"तुम्हीच का नाही भरत?" मी विचारलं.
तिने पेन्सिल पुन्हा कानामागे खोचली.
"सरकारी वही आहे," म्हणाली,
आणि माझ्याकडून तिकिटाचे दोन युरो मागून घेतले.

उतरताना ती पुढे, मी मागे, गुडघे सांभाळत.
खडकांतून त्या बाईची हाळी आली.
दोरिंदा थांबली नाही, वळली नाही,
फक्त तिचे ओठ हलायला लागले,
आणि दोर ताणला जाऊन
खालची दुसरी वर येईपर्यंत
हलतच राहिले.