पाच-दहा किलो इकडे-तिकडे

सावद्याच्या बाहेर, निंभोऱ्याच्या रस्त्याला,
जिथे केळीच्या बागा संपतात आणि ट्रकांची रांग सुरू होते,
तिथे माझी केबिन. एक ट्यूब, तीही फडफडणारी,
एक काळा फोन, पावतीबुक,
बाहेर जमिनीत पुरलेला तीस टनी काटा.
लोक त्याला धर्मकाटा म्हणतात.
मी नुसता काटा म्हणतो.
रात्रपाळीला मोठे शब्द परवडत नाहीत.

ती पहिल्यांदा आली तेव्हा मार्च होता.
फिकट जांभळं पातळ, हातात गाडीची किल्ली.
“काय वाचून राह्यले रात्रीचे?”
मी रेल्वेचं टाइमटेबल वाचत होतो. तेच सांगितलं.
ती हसली नाही. मला तेच आवडलं.

कुमुद फेगडे. भास्करशेठची दुसरी बायको.
माझं नाव तिने कधी विचारलं नाही.

एकदा गंमत म्हणून काट्यावर उभी राहिली,
चपला काढून, देवळात काढतात तशा.
काटा पन्नासवर गेला, जरा थरथरला.
“पन्नासच?”
म्हटलं, हा ट्रकांचा काटा आहे, बाई.
पाच-दहा किलो इकडे-तिकडे याला कळत नाही.
“म्हणजे तेवढं खपतं,” ती म्हणाली,
आणि चपला घालायला फार वेळ घेतला.

मग एप्रिल. मग थर्मासातला चहा.
मनगटावरचा निळा वळ, जो तिने दाखवला नाही,
फक्त बांगड्या वर सरकवल्या.
मग माझा पगार किती, हा प्रश्न.
मग इंदूरला एक गाळा रिकामा आहे, ही माहिती.
कोणी कोणाला काही मागितलं नाही.
सगळं आपोआप पिकत गेलं,
पुडी ठेवून दार लावलेल्या खोलीत
घड पिकतात तसं.

आज अडीचला गाडी लागली. दिल्लीचा माल.
ड्रायव्हर नेहमीचा इस्माईल नव्हता.
बागेतल्या तोलाईची चिठ्ठी एक बोलत होती,
काटा दुसरं.
फरक ऐंशी किलो.

हा आकडा माझ्या ओळखीचा आहे.
गेल्या पोळ्याला भास्करशेठ काट्यावर चढला होता,
बैलाची झूल स्वतःच्या खांद्यावर घेऊन.
“बघ रे भो, किती भरतो!”

मी ताडपत्रीकडे पाहिलं.
खालून डोकावणाऱ्या सुक्या पत्तीकडे पाहिलं.
ती दारात, डोक्यावर पदर. पहिल्यांदाच.
“अहो,” म्हणाली, “चिठ्ठीत आहे तेच लिहा.”
टेबलावर रुमालाची गाठ ठेवली. जड होती.
तिचं वजन मी केलं नाही.

लिहिलं.

गाडी गेली.

आता फाटक बंद आहे.
टाइमटेबल पाठ असण्याचा हा तोटा:
मेल जाईपर्यंत ते उघडत नाही, मला माहीत आहे,
अजून बारा मिनिटं आहेत, माहीत आहे,
आणि स्टेशनात तायडे मास्तर जागे आहेत.
रांगेतले शेवटचे दोन लाल दिवे इथून दिसतात.

तिची गाडी समोर निंबाखाली, दिवे मालवून.
मी फोनकडे हात नेला
तेव्हा तिने दिवे लावले.
हॉर्न नाही, हाक नाही. नुसता उजेड.
खिडकीचे गज माझ्या मागच्या भिंतीवर उमटले,
आणि गजांच्या मधे मी.

शेठ वाईट होता. वळ खरा होता.
इंदूरचा गाळाही बहुधा खराच असेल.
ऐंशी किलोत यातलं काहीच धरलेलं नाही.

नंबर फिरवला. पलीकडे घंटी, तीनदा, चारदा.
लांबून रूळ गुणगुणायला लागले.
“कोण बोलून राह्यलं?”

मी. काट्यावरून.
यशवंत दगडू नेहेते.
मेल गेली तरी
फाटक उघडू नका, मास्तर.