वजनकाट्याचा संगणक

इझिल्डा म्हणते, आधी पत्र्याला हात लाव.
अंगातली वीज उतरू दे, मग बोर्डाला.
या दमट हवेत कसली आलीय अंगात वीज, मी म्हणतो.
सवय, ती म्हणते.

मी हात लावतो.
अठरा वर्षं टिपर हाकलेला हात.
पान्यावर उभं राहून चाकाचे नट सोडवणारा मी
आता मेथीच्या दाण्याएवढा स्क्रू
चिमटीत धरायला शिकतोय.
तो पडतो.
आम्ही दोघं टेबलाखाली रांगतो.
ती तेवीस वर्षांची, मी तिच्या बापाच्या वयाचा.
बाप तिचा बार्जवर होता.

कुडचड्याच्या मार्केटामागे हा गाळा,
पोटं उघडी टाकून पडलेल्या मशिनी.
तिच्या पुस्तकातल्या फोटोत धूळ करडी आहे.
इथे लाल निघते.
ब्लोअर लावला की गाळाभर तोच वास,
नाक आधी ओळखतं, मग मी.
खाण बंद झाल्याचं
या पंख्यांना कुणी कळवलंच नाही.

बीपचा धडा मला सोपा गेला.
एक लांब, दोन तोकड्या: ग्राफिक कार्ड.
नुसतीच कोकलत राहिली तर रॅम.
घाट चढताना मी आवाजावरून बेअरिंग सांगायचो,
क्लचप्लेट सांगायचो,
पुढच्या वळणाला कोण येतोय तेही.
रॅम काढ, पिवळ्या पट्ट्या खोडरबराने पूस,
दोन्ही कानांचा टक् ऐकू येईतो दाब.
खोडरबर धाकटीचा आणलाय.
स्ट्रॉबेरीचा वास येतो दुरुस्तीला.

पेस्ट मात्र मी ग्रीससारखी थापली.
ती हसली नाही. स्पिरिट आणि कापूस पुढे सारला.
मुगाएवढी, बाब. मुगाएवढी.
एक पॉवर सप्लाय माझ्या हातून गेला, ठप्प,
आणि ती वहीत लिहून मोकळी:
साडेसहाशे. शिकण्याचे.

मंगळवारी सावर्ड्याहून
वजनकाट्यावरचा जुना संगणक आला.
कुणाला तरी त्यातला हिशेब हवाय, कोर्टासाठी.
आत पालीची दोन अंडी, वाळलेली.
फुगलेले तीन कपॅसिटर, ते इझिल्डाने बदलले,
मला अजून डाग देता येत नाही.
सुरू झाला तेव्हा पडद्यावर
एक जानेवारी, दोन हजार सात.
नाण्याएवढी बॅटरी मेली
की घड्याळ जन्मतारखेला जाऊन बसतं, तिने सांगितलं.
मी ऐकत नव्हतो.
यादी खाली सरकत होती, गाड्यांचे नंबर,
आणि मधूनमधून, दिवसात सात-सात वेळा,
माझा.

तीन रकाने.
भरलेला. रिकामा. निव्वळ.
रिकामी गाडी काट्यावर चढवायचो
तेव्हा मी आत बसलेलो असायचो,
शेजारी डबा, पाण्याची बाटली,
कधी क्लीनर पोरगा, झोपलेला.
सात हजार नऊशे चाळीस किलो.
त्यातले बासष्ट माझे.
निव्वळमध्ये मी कुठेच नव्हतो.
बिल निव्वळचं निघायचं.

शाणू, माझा तो क्लीनर,
आता कळंगुटला हॉटेलात चादरी बदलतो.
त्याला फोन करून सांगावं वाटलं,
तुझंही वजन आहे इथे, आकड्यात मिसळलेलं.
केला नाही. काय सांगणार.

हिशेब पेनड्राईव्हवर उतरवला.
नवी बॅटरी खाचेत बसवली, लिहिलेली बाजू वर.
तारीख घाल, इझिल्डा म्हणाली.
आज किती?
तिने मोबाईल पाहून सांगितली,
मी एका बोटाने वर्षं पुढे ढकलत गेलो.
प्रत्येक वर्षाला एकदा टिक्.
मध्येच थांबलो तर तिने विचारलं, अडकलं का?
नाही.

झाकण लावलं. मशीन चालतंय.
वाटीत एक स्क्रू उरलाय,
कुठला ते आठवत नाही.
चालतंय ना, मी म्हणतो.
इझिल्डा म्हणते, उघड परत.